लाटसाहेबांचं पाणी

उदगीरला एका लाकडासाठी राखून ठेवलेल्या पाण्यानं मी अंघोळ केली. साबण लावून केली, डोक्यावरून केली, आणि तळाशी उरलेलं पाणी वाया कशाला घालवा म्हणून पायांवर ओतून घेतलं.

माझी बाजू कुणी ऐकून घेत नाही, म्हणून ती इथं लिहून काढतोय.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादेतून वेगळं निघताना भावाभावांत होते तशी वाटणी झाली. कपाटं आली, टेबलं आली, पंखे आले आणि माझ्या वाट्याला एक खुर्ची आली. तिचा एक पाय मनानं उस्मानाबादेतच राहिलेला होता. तिच्यावर बसायचं म्हणजे डावीकडं कलून बसायचं. माझ्याशी बोलणारा माणूसही थोड्या वेळानं डावीकडं कलायचा. मी मूळचा नांदेडचा. गोदावरीच्या काठी वाढलेल्या माणसाला पाणी ही राखून ठेवायची वस्तू असते हे माहीत नसतं. त्यात त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलेलं. लातुरात ऑफिसचा माठ भरलेला दिसला की लोक त्याच्याकडं नव्या नवरीकडं बघावं तसं बघायचे.

अशात साहेबांनी मला बोलावलं. नव्या जिल्ह्याचं प्रदर्शन भरवायचं होतं.

"त्यात जुनं काहीतरी पाहिजे," साहेब म्हणाले. "नवं दाखवायला आपल्याकडं अख्खा जिल्हा आहे."

"मीच का, साहेब?"

"तुम्ही तसेही खुर्चीवर नीट बसत नाही."

उदगीरला निजामाच्या काळातला एक लाकडी तेलघाणा अजून चालतो, त्यात एक खिळासुद्धा नाही, सगळं काम सुतारांच्या एकाच घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या केलंय, असं कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं होतं. त्या घाण्याची जुनी लाट बदलायची होती. ती जुनी लाट प्रदर्शनासाठी मागून आणायची, एवढं माझं काम. ऑफिसनं तसा निरोपही धाडून ठेवला होता.

मी एसटीतून उतरलो आणि पहिल्याच माणसाला ऐटीत विचारलं, "इथली ती ऐतिहासिक गिरणी कुठं आहे?" त्यानं मला नेऊन सोडलं ते पिठाच्या गिरणीत. आत बायांची रांग. गिरणीवाल्यानं विचारलं, "दळण कुठं हाय?" मी म्हणालो, "दळण नाही, मी बघायला आलोय." तो म्हणाला, "मंग बगा की," आणि पट्टा चालू केला. मी नेमका पीठ पडतं तिथं वाकून निजामकालीन लाकूडकाम शोधत होतो. तिथून निघालो तेव्हा एसटीच्या फुफाट्यावर ज्वारीच्या पिठाचा थर बसलेला होता. घाण्याच्या दारात पोचलो तेव्हा समोरून येणारं कुत्रं मला बघून परत फिरलं.

आता घाणा कसा असतो ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कमरेएवढं एक जाड लाकडी उखळ जमिनीत पुरलेलं असतं. त्यात मुसळासारखा एक सोट तिरका उभा असतो. तीच लाट. लाटेला एक आडवं लाकूड जोडलेलं, त्यावर वजनाला दगड, पुढं बैल. बैल गोल फिरला की लाट उखळात घुमते, करडई चिरडते आणि तेल सुटतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला लाट म्हणजे फक्त समुद्राची आणि उन्हाची, एवढंच ठाऊक होतं. साहेबांनी 'जुनी लाट आणा' म्हटल्यावर मी मान हलवली होती ती सरकारी सवयीनं.

घाण्याच्या मालकीणबाई म्हणजे आव्वा. लिंगायत घरातली म्हातारी, गळ्यात चांदीच्या डबीत शिवलिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि आवाज असा की बैल ओळीत यावा. त्या मागच्या भिंतीवरून शेजारणीशी कानडीत बोलत होत्या. अंगणात एक दगडी हौद होता, अर्धा भरलेला, स्वच्छ पाण्याचा. बाजूला ओल्या गोणपाटांखाली काहीतरी लांबलचक झोपवलेलं होतं. हौदापाशी घागर घेऊन एक बाई उभी होती आणि झुबकेदार मिशांचे एक सुतार तिला हटकत होते.

"हात लावू नगंस त्या पाण्याला. ते लाटसायबाचं हाय."

"वाईच घेते की, मिस्त्री."

"थेंब न्हाई मिळणार. लाटसायबाला लागतंय ते."

बाई निघून गेली. मिस्त्री चहाला गेले. मी तिथंच उभा राहिलो, आणि खरं सांगतो, लाजलो. आमच्याकडं कुणी फार मिरवायला लागला की म्हणतात, "आले बघा लाटसाहेब." म्हणजे बडा साहेब. ऑफिसचा निरोप या लोकांनी भलताच मनावर घेतला होता. एवढ्या टंचाईत त्यांनी माझ्यासाठी अर्धा हौद पाणी राखलं होतं, आणि गरीब बाईला थेंब दिला नव्हता. मला वाईट वाटलं. पण राखलेलं पाणी न वापरणं म्हणजे त्यांचा अपमान, असंही वाटलं.

तरी मी विचारल्याशिवाय हात लावला नाही, याची नोंद घ्यावी. मी मोठ्यानं विचारलं, "आव्वा, अंघोळ करीन म्हणतो. पाणी कुठलं घेऊ?"

आव्वांनी भिंतीकडं तोंड करूनच उत्तर दिलं, "हौद, हौद."

आता तिकडच्या कानडीत 'हौद' म्हणजे 'होय.' आव्वा शेजारणीच्या सुनेविषयीच्या कुठल्यातरी तक्रारीला होय, होय म्हणत होत्या. मी होतो हे त्यांना ठाऊकही नव्हतं. हे मला नंतर सांगण्यात आलं, बऱ्याच जणांकडून.

मी शर्ट-पँट त्या गोणपाटांवर टाकली, पंचा गुंडाळला आणि डब्यानं पाणी घ्यायला लागलो. पीठ आणि पाणी एकत्र आल्यावर अंगाची जी कणीक होते तिच्यासाठी पाणी जास्त लागतं. शेवटी हौद तिरका नसल्याबद्दल वाईट वाटलं, इतका तळाला गेलो.

मिस्त्री चहा पिऊन आले. त्यांनी आधी हौदात बघितलं. मग माझ्याकडं. मग परत हौदात, नजर चुकली असेल म्हणून.

"पाणी कुठं हाय?"

"झालं."

"काय झालं?"

"अंघोळ."

ते तिथंच उकिडवे बसले. त्यांनी हाक मारली ती माणूस गेल्यावर मारतात तशी. "आव्वा, ह्या माणसानं लाटसायबाचं पाणी अंगावर घेतलं."

मी कान पुसत म्हणालो, "मीच ना तो?"

"कोण?"

"लाटसाहेब."

आव्वांनी भिंत सोडली. माझ्याकडं पायापासून वर बघत आल्या आणि पंच्यापाशी थांबल्या. "तू?" एवढंच म्हणाल्या. मग मिस्त्रींनी गोणपाटावरचे माझे कपडे दोन बोटांनी उचलून बाजूला टाकले, गोणपाट सारलं आणि खालचा बाभळीचा सोट दाखवला. नवी लाट. ते तिला लाडानं लाटसायब म्हणत. तिचं जाड टोक तासायला थोडा वेळ बाहेर काढलं होतं आणि तासून झालं की परत हौदात बुडवायचं होतं. बाभूळ अर्धी तासलेली असताना त्या उन्हात कोरडी पडली तर तडकते.

तेवढ्यात आव्वांचा मुलगा बाहेर आला. त्यानं रिकामा हौद बघितला आणि त्याचा चेहरा उजळला.

"मंग आणू का मशीन?"

सगळी गोष्ट या एका प्रश्नात होती. मुलगा लातूरला जाऊन विजेवरचं तेलाचं यंत्र बघून आला होता. म्हातारीला घाणा मोडायचा नव्हता. घरात रोज तोच वाद. शेवटी आव्वांनीच तोडगा काढला होता: पाडव्याला नवी लाट बसून तेल निघालं तर घाणा राहील, नाही निघालं तर उखळ उपटायचं आणि यंत्र बसवायचं. तेवढी एकच बाभूळ जमलेली होती. दुसरी मिळून, भिजून, मुरेपर्यंत मुलगा थांबणार नव्हता.

"घाणा गेला तर मी काय करू?" मिस्त्री मला विचारायला लागले, जणू मीच मशीनचा एजंट. "माझ्या आज्यानं हे उखळ कोरलं. ह्या घाण्याचं तेल किल्ल्यातल्या दिव्यांना जायचं. आता मी काय हापिसातल्या खुर्च्यांचे पाय बसवत बसू?"

माझ्या खुर्चीचा विषय अगदी ओठांवर आला होता. गिळला.

"दिव्यांना न्हाई," आव्वा म्हणाल्या. "किल्ल्यावरच्या शिपायांच्या डोक्याला जायचं. उगं मोठं करून सांगू नगंस." मग माझ्याकडं वळल्या. "तू हौद भर बाबा. जुनी लाट तुला पाहिजे ना? नवी बसल्याबिगर जुनी निघत न्हाई. तवर हितंच राहा अन्‌ हौद भर."

मी बादली घेऊन हापशावर गेलो. रांगेत सगळ्या बायकाच होत्या.

"कुणासाठी नेताय?"

"लाटेसाठी."

"कुठल्या लाटेसाठी?"

"घाण्याच्या. लाकडाची आहे. तडकेल म्हणून."

मागून एक जण म्हणाली, "आमची लेकरं तडकून राहिली, त्याचं काय?" त्यात मी कलेक्टर कचेरीचा आहे हे कुणीतरी फोडलं. लगेच सगळ्यांनी मला घेरलं. टँकर कधी येणार, विंधन विहीर कधी घेणार. मी नेहमीच्या सुरात म्हणालो, "मी वरपर्यंत कळवतो."

"वर म्हंजे कुठं? आभाळात?"

"तिथं कळवा," दुसरी म्हणाली. "तिथनंच यायचं हाय ते."

शेवटी सकाळच्याच घागरवाल्या बाईला दया आली, की सूड घ्यायचा होता, सांगता येत नाही. ती म्हणाली, "प्यायचं पाणी कुणी देणार न्हाई सायब. धुवण गोळा करा. तांदूळ धुतल्याचं, डाळ धुतल्याचं. म्हशी पितात, लाकूड कामून पिणार न्हाई?"

असा मी सरकारी नोकर, पाडव्यापर्यंत उदगीरच्या गल्ल्यांत सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन धुवण मागत फिरलो. पहिले दोन दिवस दारात उभा राहून घसा साफ करायचो आणि आत जाण्याचं टाळायचो. नंतर सरावलो. दुरूनच "धुवण वाढा, माय" अशी हाक देऊ लागलो. माझी हाक ऐकून एका घरातल्या आजीनं भाकरी आणून दिली. मी ती खाल्ली.

एका दारात म्हातारेबुवा बसले होते. "म्हैस किती दूध देती?"

"म्हैस नाही, लाट आहे."

"ती किती देती?"

"अजून देत नाही. पाडव्यापासून तेल देईल."

त्यांनी घरात तोंड करून सांगितलं, "ह्याला ऊन लागलंय. ताक द्या."

बौद्धवाड्यात एक मावशी होत्या. त्यांनी डाळीचं धुवण बादलीत ओतता ओतता विचारलं, "नोकरी कुठं करतो रं?" मी सांगितलं. "माझा मुलगा बी सरकारी नोकरीतच हाय. पण त्याला असं दारोदार सोडत न्हाईत." तरी रोज माझ्यासाठी वेगळा डबा भरून ठेवायच्या, आणि तांदळाचं की डाळीचं हेही सांगायच्या, कारण त्यांना मिस्त्रींचा स्वभाव ठाऊक होता.

मिस्त्रींचा स्वभाव म्हणजे, त्यांना डाळीचं धुवण चालत नव्हतं. "लाटसायबाला वास येईल. तांदळाचं आणा."

"तुझ्या मिशीला येतोय तेवढा न्हाई येणार," आव्वा म्हणाल्या.

मला मात्र कुठलंच धुवण नको म्हणायची सोय नव्हती. हौदात सगळ्या गल्ल्यांच्या डाळी आणि तांदूळ एकत्र आले, पांढरट फेस आला, आंबूस वास सुटला. मिस्त्री तरी रोज लाट वर काढून टोक तासायचे, हात फिरवायचे, कान लावायचे. "गार हाय. झोपलंय," म्हणायचे. मग हलकेच परत बुडवायचे. एकदा शेजारची म्हैस मोकळी सुटली आणि सरळ येऊन हौदात तोंड घालून प्यायला लागली. मी आडवा गेलो. तिनं मला मानेनं हौदात ढकललं आणि पीत राहिली. मिस्त्री धावत आले. मला वाटलं, मला काढायला. त्यांनी आधी म्हैस हाकलली, मग लाट चाचपली, आणि मग म्हणाले, "बसलाच हाय तर टोक धरा खालनं."

पाडव्याच्या आदल्या दिवशी लाटेच्या टोकाला केसाएवढी एक रेघ दिसली.

"तडा," मुलगा म्हणाला.

"रेघ," मिस्त्री म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता. त्यांनी मिशीला हात लावला नाही, आणि त्या दिवशी घाण्याच्या तेलाचं किल्ल्याशी असलेलं नातंही काढलं नाही. संध्याकाळी ते त्या टोकापाशी बसून राहिले. मी धुवणाची बादली ओतली तर, "तांदळाचं का?" असंसुद्धा विचारलं नाही. मला तेव्हा खरी भीती वाटली. माझ्या एका अंघोळीत हा माणूस खुर्च्यांचे पाय बसवायला लागणार होता, आणि त्यातली पहिली खुर्ची माझीच असणार होती.

"लावून बघू," आव्वा म्हणाल्या. "रेघ का तडा ते बैल सांगंल."

पाडव्याला गुढी उभी राहिली, दारात रांगोळी पडली आणि जुनी लाट उपसून नवी बसवली. उखळात करडई पडली. त्या वर्षी करडई अशी पिकलीच नव्हती. आव्वांनी घरातली होती तेवढी काढली होती. माझे सगळे धुवणवाले बघायला आले होते. वजनाचा दगड ठेवायला मिस्त्री तयार होईनात. "एकदम दगड नको. आधी जरा हलकं वजन पाहिजे. नको वाटलं तर झटकन उतरणारं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"हाव, ह्यालाच बसवा," मुलगा म्हणाला. "लाट मोडली तर ह्यो खाली असंल, तेवढंच बरं."

मी आडव्या लाकडावर बसलो. बैलाच्या डोळ्यांना झापड बांधली. मलाही बांधली असती तर बरं झालं असतं. बैल निघाला. नवी लाट कुरकुरायला लागली. आधी बारीक, मग खोल, जुन्या दाराची बिजागरी वाजावी तशी. मिस्त्री लाटेबरोबर वाकून गोल चालत होते, कान त्या टोकाकडं लावून. मी फिरत होतो. आव्वा आल्या, गुढी आली, मावशी आल्या, म्हातारेबुवा आले, परत आव्वा आल्या. पोटातली पाडव्याची कडुनिंबाची चटणी वर यायला लागली.

मी म्हणालो, "थांबवा." बैल थांबेना. "हो, हो," म्हणालो. बैल ऐकेना. मग डोक्यात आलं की हा बैल आव्वांचा, याला कानडी कळतं. मला कानडीतला एकच शब्द येत होता. मी जीव खाऊन तो ओरडलो: "हौद, हौद."

होय, होय. बैलाला ते पटलं. त्यानं पाय उचलले.

लोक हसायला लागले, त्या हसण्यात लाटेची कुरकुर कधी थांबली ते कळलं नाही. मिस्त्रींना कळलं. त्यांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. आता लाट घुमत होती, एकसारखी, पोट भरल्या माणसानं गुणगुणावं तशी. करडईचा कोमट वास आला आणि उखळाच्या भोकातून तेलाची धार लागली. बारीक होती, पण तुटत नव्हती.

आव्वांनी कानडीत एक शब्द टाकला. बैल जागच्या जागी थांबला. मी थांबलो नाही, पुढं गेलो आणि पेंडीच्या ढिगात बसलो.

मुलानं धारेखाली बोट धरलं, चाटलं, अंगठ्यानं चोळून बघितलं. मिस्त्री त्याच्या तोंडाकडं बघत होते, मिस्त्रींच्या तोंडाकडं सगळं गाव.

"रेघ हाय," मुलगा म्हणाला. "मशीनचं पुढं बघू."

मिस्त्रींनी हातावर तेल घेतलं, दोन्ही मिशा माखल्या, पीळ दिला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला सांगायला लागले की हेच तेल किल्ल्यातल्या दिव्यांना जायचं. आव्वांनी ऐकलं. या वेळी काही बोलल्या नाहीत.

जुनी लाट दोघांनी उचलून माझ्यापुढं आणून टाकली. मी अजून पेंडीतच होतो, जग फिरायचं थांबलं नव्हतं. तरी ऑफिसची आठवण झाली. प्रदर्शनात वस्तूपुढं पाटी लावावी लागते.

"आव्वा, हिच्या पाटीवर काय लिहू? लाटसाहेब लिहू का?"

आव्वा धारेखालचं भांडं बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसरं काय बी लिही. लाटसायब आम्ही ह्या उन्हाळ्यात दोन भिजवले. कामाचा एकच निघाला."